पंगसची मरतूक आणि दुधाच्या वहीतले सोळा दिवस

पार्श्वभूमी

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या खोऱ्यातलं धानाचं गाव. शेतकरी पस्तिशीतला, साडेचार एकरवाला. शेततळं 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल, आत प्लॅस्टिकचं अस्तर. ते खोदलं हरभऱ्याला आणि भाजीला पाणी मिळावं म्हणून. मासे नंतर सुचले. ओळख पटेल अशा गोष्टी मी बदलल्या आहेत.

या गावाला मासे नवे नाहीत. गावाच्या खालच्या अंगाला मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे तलाव गावोगाव आहेत. इथल्या तलावात ढीवर समाजाची सहकारी संस्था पावसाळ्यात रोहू, कतला, मिरगलचं बीज सोडते आणि उन्हाळ्यात जाळं लावते. तिथं माशाला पोत्यातलं खाद्य कोणी घालत नाही. पंगस या माशाचं गणित वेगळं. तो दाट बसतो, तरंगत्या गोळ्या खातो, झपाट्यानं वाढतो. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला तर वर येऊन हवा गिळतो, त्यामुळे इतर मासे मरतील अशा पाण्यातही तग धरतो. थंडी मात्र त्याला सोसत नाही. 26 ते 30 अंशांच्या पाण्यात तो खूश असतो, आणि आमच्याकडे डिसेंबरात पहाटेची हवा 8-9 अंशांवर येते.

जुलैअखेर या तळ्यात पंगसची 5,000 बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मासा सरासरी 400 ग्रॅमचा झाला होता आणि रोज 40 किलो खाद्य पडत होतं.

समस्या

मरतूक सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी त्या शेतकऱ्याचा मला फोन आला. "सर, मासे मरून राहिले. पोट फुगून राहिले, पोटाखाली लाल लाल. आज दोनशे दहा काढले."

"आज दोनशे दहा, तर काल किती?"

"थांबा, बायकोले विचारतो."

या प्रकरणात जे काही नीट कळलं, ते त्या बाईमुळे. घरी दोन म्हशी, दुधाचा हिशेब ती शाळेच्या जुन्या वहीत ठेवायची. पहिल्या दिवशी 12 मासे मेले तेव्हा तिनं त्याच वहीत दुधाच्या रकान्याशेजारी आकडा टाकला. 12, 35, 60, 210. त्या चार आकड्यांतच प्रश्न होता: 60 वरून एकदम 210 का?

विचारल्यावर उलगडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ, म्हणजे तो शेतकरी, तालुक्याच्या दुकानात गेले होते. दुकानदारानं फोटो पाहून सांगितलं, "व्हायरस आहे." हातात दोन गोष्टी दिल्या: लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, साडेपाच किलो; आणि खाद्यात मिसळायला एक पांढरं पाकीट. तिसऱ्या दिवशी सकाळी लाल दवा तळ्यात पडली. पाकीट अजून घरात होतं. त्यावर डोस होता, कंपनीचं चिन्ह होतं, घटक नव्हते.

मी फोनवरच चूक केली. "चार-पाच मासे बर्फात घालून नागपूरच्या प्रयोगशाळेला पाठवा" असं सांगितलं. भाऊंनी दुधाच्या गाडीतून पाठवले. सकाळी गोळा केलेले, म्हणजे रात्रीच कधीतरी मेलेले. मेलेल्या माशाच्या आतड्यातले जंतू काही तासांत अंगभर पसरतात. मग कोणत्या जंतूनं मारलं आणि कोणता मेल्यावर आला हे प्रयोगशाळेला वेगळं करता येत नाही. नमुना परत. एक दिवस वाया गेला, तो माझ्या नावावर.

तळ्यावर काय दिसलं

पाचव्या दिवशी सकाळी सातला पोचलो. धुकं होतं. वाऱ्यानं पूर्वेच्या कडेला तपकिरी साय जमली होती. जवळ जाऊन हातात घेतली तर फुगून मऊ झालेल्या खाद्याच्या गोळ्या, कालच्या आणि बहुधा परवाच्याही. म्हणजे मासा खात नव्हता आणि खाद्य पडतच होतं. थर्मामीटर पाण्यात धरला: 17 अंश.

खाद्याचं रिकामं पोतं अंथरून तडफडणारे तीन मासे त्यावर कापले. पोटात लालसर पाणी. यकृत फिकट, ठिपक्याठिपक्यांचं. मूत्रपिंड सुजलेलं. गुदद्वार लाल आणि बाहेर आलेलं. पंगसला एडवर्डसिएला इक्टालुरी नावाच्या जिवाणूचा एक घातक आजार होतो, त्यात यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडावर पांढरे बारीक ठिपके येतात. ते शोधले, दिसले नाहीत. कल्ल्यांवर मात्र तपकिरी लेप होता, गंज चढल्यासारखा. परमँगनेट जास्त झालं की असा थर बसतो.

मग हिशेब केला. दुकानदारानं 30 × 30 × 3 करून 2,700 घनमीटर धरले आणि घनमीटरला 2 ग्रॅम, म्हणजे 2 पीपीएमचा डोस दिला. पण शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात. तळाला ते फक्त 21 बाय 21 भरतं, आणि काठोकाठ भरलं तरी 1,970 घनमीटरच होतं. त्यात भाजीला पाणी देऊन त्या दिवशी खोली 2.2 मीटरवर आलेली. खरं पाणी 1,300 घनमीटर, तेरा लाख लिटर. डोस दुप्पट पडला होता. 210 चा आकडा त्या दुप्पट डोसानंच झाला असं मी छातीठोक सांगणार नाही, आजार वाढतच होता. पण आजारी माशाच्या कल्ल्यांना त्यानं फायदा खचितच झाला नाही.

दुपारी पाणी तपासायचं किट लावलं. सामू, म्हणजे पीएच, 8.6. एकूण अमोनिया 2 पीपीएम.

निर्णय पहिला: खाद्य

कोणतीही बाटली उघडण्याआधी खाद्याची बादली घरात ठेवायला सांगितली. भाऊंना ते पटेना. "आधीच कमजोर झाले सर, उपाशी ठेवले तं मरतीनच." जनावर आजारी पडलं की त्याच्यापुढं चारा टाकायचा ही सवय, आणि ती वाईट सवय नव्हे. पण मासा थंड रक्ताचा. पाणी 17 अंशांवर आलं की त्याचं पचन जवळजवळ थांबतं. पडलेलं खाद्य त्याच्या पोटात न जाता पाण्यात कुजतं आणि अमोनिया वाढवतं.

माझं समजावणं उपयोगी पडलं नाही. पटवलं ते मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांनी. सत्तरीतले काका, ते खरं तर भांडायला आले होते. भाऊंच्या मुलानं पहिले तीन दिवस मेलेले मासे नाल्यात टाकले होते आणि नाला उतरतो तो मामा तलावात. काकांनी बांधावर उभं राहून दहा मिनिटं सगळ्यांची खरडपट्टी काढली, मग वाकून ती तपकिरी साय पाहिली आणि म्हणाले, "थंडीत मानूस बी पहाटे उठून जेवत नाही, मासा कायले जेवते?"

बादली घरात गेली.

निर्णय दुसरा: चुना

काकांचा पुढचा सल्ला होता चुना. हिवाळ्यात माशांवर जखमा दिसल्या की त्यांच्या तलावात चुना टाकतात आणि गुण येतो. त्यांचा अनुभव खोटा नाही. थंडीत माशांना पडणाऱ्या चट्ट्यांच्या आजारात, जो एका बुरशीसारख्या जीवामुळे होतो, चुना हा जुना आणि मान्य उपाय आहे. मामा तलावात गाळाची माती आहे, पाण्याचा सामू खालचा असतो.

इथं प्लॅस्टिकचं तळं, हिरवं पाणी आणि सामू आधीच 8.6. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. सामू चढेल तसा त्यातला विषारी वाटा वाढतो. 20 अंशांच्या पाण्यात सामू 7.6 असेल तर साठातला जेमतेम एक भाग विषारी, 8.6 असेल तर सातातला एक. चुन्यानं सामू आणखी वर गेला असता आणि त्याच पाण्यात नवा अमोनिया न पडताही विष वाढलं असतं. ज्या गोष्टीनं खालचा तलाव वाचतो, तिनं वरचं तळं बुडालं असतं.

काकांना "तुमचं चूक" असं म्हणता येत नव्हतं आणि म्हणायचंही नव्हतं. चुना लागणारच होता. चार पोती आणायला सांगितली, मेलेल्या माशांच्या खड्ड्यासाठी.

इतर पर्याय

मीठ. 0.1 टक्का करायचं तर तेरा लाख लिटरला 1,300 किलो, म्हणजे 26 पोती. मासा सोसेल, हरभरा आणि भाजी सोसणार नाहीत. सोडून दिलं.

पांढरं पाकीट. प्रतिजैविक असावं असा अंदाज. खाण्याच्या माशांना क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाची औषधं द्यायला बंदी आहे. घटकच छापले नसतील तर आत काय आहे हे कोण सांगणार? शिवाय आजार विषाणूचा असेल तर प्रतिजैविक निरुपयोगी, आणि जिवाणूचा असेल तर आजारी मासा खातच नाही. औषध जाईल ते अजून धडधाकट असलेल्यांच्या पोटात. अहवाल येईपर्यंत नाही, असं ठरलं.

"व्हायरस"बद्दलही दोन शब्द. त्या आठवड्यात गावातल्या मोबाइलवर तिलापियाच्या विषाणूची चित्रफीत फिरत होती. तो विषाणू खरा आहे, 2018 मध्ये भारतातून त्याची नोंद प्रसिद्ध झाली. पण तो तिलापियाचा म्हणून ओळखला जातो, आणि हा होता पंगस. विषाणूचा आजार नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, त्याला पीसीआर ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते. फोटोवरून सांगणारा अंदाज सांगतो, आणि वर त्याचं औषधही विकतो. माशांच्या विषाणूवर तळ्यात ओतायचं औषध आजतागायत मी पाहिलेलं नाही.

विक्री. तिसऱ्या दिवसापासून एक व्यापारी बांधावर येत होता. नेहमीचा भाव किलोला 85-90, हा 50 देत होता आणि सगळा माल उचलायला तयार होता. हा पर्याय सर्वांत अवघड गेला, कारण भाऊंना तो हवा होता. मी म्हटलं, ज्याच्या अंगावर एक डाग नाही आणि जो जाळ्यातून उड्या मारतो तो विका, बाकीचा नाही. व्यापाऱ्यानं असं निवडून घ्यायला नकार दिला. त्याला आठवडी बाजारात बर्फावर मांडायचा होता, आणि कापलेल्या माशाची लाली कोण पाहतं? शेवटी भाऊंच्या बायकोनं विषय संपवला. "आपल्या घरी रांधशीन का तो मासा?" भाऊ गप्प बसले.

एक सूचना सगळ्यांना दिली: हाताला चीर असेल तर उघड्या हातानं मेलेले मासे उचलू नका. माशाच्या पोटातला असा जिवाणू माणसाच्या जखमेतही शिरतो. भाऊंच्या अंगठ्याला विळ्याची जखम होतीच. युरियाच्या पिशव्या हाताला बांधून काम झालं.

निर्णय तिसरा: पाणी

आमच्याकडे बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, साधारण 26-27 अंश. ते तळ्यात सोडलं की तळं गरम होईल, असं भाऊंना वाटत होतं. कागदावर मांडलं. 3 एचपीची मोटार तासाला 15 हजार लिटर फेकते. त्या आठवड्यात कृषी फीडरला वीज रात्री दहा ते सहा. आठ तासांत 1 लाख 20 हजार लिटर, तळ्याच्या नऊ-दहा टक्के. 17 अंशांचं पाणी त्यानं फार तर पाऊण-एक अंशानं वाढेल, आणि पहाटेची थंडी तेवढं परत घेईल.

तरीही पाणी सोडलं, दोन कारणांनी. रोज दहावा हिस्सा पाणी बदललं तर अमोनिया उतरतो. आणि बोअरचा पाइप एका कोपऱ्यात ठेवला तर निदान तो कोपरा उबदार राहतो, मासा स्वतः तिकडे येतो. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन नसतो, म्हणून पाइप चार फूट वर बांधून खाली भोकं पाडलेला पत्र्याचा डबा लटकवला. पाणी शिंतोडत पडायला लागलं. दुसऱ्या रात्री बॅटरी लावून पाहिलं तर त्या कोपऱ्यात पंगसच्या पाठी एकमेकांना घासत होत्या.

बाहेर काढायचं पाणी तळाचं, कारण घाण तळाला. पण ते सोडायचं कुठं? नाल्यात सोडलं असतं तर काका काठी घेऊन आले असते, आणि बरोबरच होतं. पहिल्या रात्री हरभऱ्याला दिलं. दुसऱ्या रात्रीपासून हरभऱ्याची मुळं कुजतील म्हणून धान कापलेल्या रिकाम्या बांध्यांत कोंडलं. धुऱ्याच्या आत मुरू दिलं.

अहवाल

पाचव्या दिवशीच दोन अर्धमेले पण जिवंत मासे तळ्याच्याच पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून मी स्वतः नागपूरला नेले. शंभरेक किलोमीटर, मोटारसायकलवर, पिशवी मधे धरून. नवव्या दिवशी उत्तर आलं: एरोमोनास जातीचा जिवाणू.

हा जिवाणू कुठूनही "आला" नव्हता. गोड्या पाण्यात तो असतोच, निरोगी माशाच्या आतड्यातही असतो. थंडीनं माशाची प्रतिकारशक्ती मंदावली, कुजक्या खाद्यानं अमोनिया चढला, आणि तळ्यातलाच जुना भाडेकरू मालक होऊन बसला.

कोणतं औषध लागू पडेल हेही अहवालात होतं. म्हणजे निर्णय पुन्हा समोर: आता तरी औषधी खाद्य द्यायचं का? वही उघडली. पाचव्या दिवसापासून 185, 140, 110, 85, आणि नवव्या दिवशी 60. आकडा रोज उतरत होता, मासा अजून खात नव्हता. दिलं नाही.

निष्पत्ती

दहाव्या दिवसानंतर थंडी ओसरली. 45, 32, 22, 18, 12, 8, 6. सतराव्या दिवसापासून वहीत पुन्हा फक्त दूध. सोळा दिवसांत 1,040 मासे खड्ड्यात गेले. खाद्य तिसऱ्या आठवड्यात दुपारी, ऊन असताना, 8 किलोंपासून सुरू केलं.

मार्चमध्ये 3,410 मासे, 1,875 किलो, 85 रुपये भावानं गेले. बीज, खाद्य आणि विजेचे पैसे निघाले. दोघांची मजुरी धरली तर तोटा. मामा तलावात काही झालं नाही, निदान दिसण्यासारखं काही नाही.

उतार नेमका कशामुळं आला हे मी सांगू शकत नाही. खाद्य बंद, पाणी बदल आणि मेलेले मासे रोज दोनदा काढणं हे तिन्ही एकाच दिवशी सुरू झालं. पाणी 17 अंशांवरच असताना आकडा उतरू लागला, म्हणून नुसत्या हवामानानं वाचवलं असं मी मानत नाही. पण जे मरायचे होते ते पहिल्या पाच दिवसांत मरून गेले असतील, हीही शक्यता आहेच. अशी तुलना करायला शेजारी दुसरं तळं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, आणि ते अगदी सुरुवातीलाच: दहा ग्रॅमची बोटुकली जुलैअखेर सोडायची नव्हती. मोठं बीज जूनमध्ये सोडून नोव्हेंबरात तळं रिकामं करायचं, किंवा हिवाळा काढायचाच असेल तर रोहू-कतला ठेवायचे. पंगस घेऊन विदर्भातल्या डिसेंबरात शिरणं म्हणजे गंजी अंगावर घालून पहाटे पाणी धरायला जाणं.

दुसरं, डिसेंबरात भाजीला पाणी देऊन खोली 2.2 मीटरवर आणली नसती तर पाणी इतक्या लवकर गार झालं नसतं. हे मी तळ्यावर असताना बोललोच नाही, कारण तेव्हा लक्षातच आलं नाही. वहीत पाण्याची तारीख दिसली तेव्हा कळलं.

तिसरं माझं. फोनवर पहिला प्रश्न "आतापर्यंत काय काय टाकलं?" हा हवा होता. आणि मेलेला मासा मागवायचा नव्हता.

औषधी खाद्याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. नवव्या दिवशी नाही म्हटलं ते बरोबर होतं असं वाटतं. पण अहवाल पाचव्या दिवशी हातात असता, आकडा 185 असता, आणि पाणी 24 अंशांचं असतं, तर मी कदाचित हो म्हटलं असतं, आणि औषध संपल्यावर ठरलेले दिवस सरेपर्यंत एकही मासा विकू दिला नसता.

व्यापाऱ्याच्या जाळ्याचा प्रश्न तसाच आहे. तो तेच ओलं जाळं दिवसात तीन तळ्यांत टाकतो, आणि जाळ्यासोबत आजारही फिरू शकतो. भाऊंनी आता स्वतःचं जाळं घेतलंय, ते उन्हात वाळवल्याशिवाय पाण्यात जात नाही. बाकीच्या दोन तळ्यांचं मला माहीत नाही.

यंदा भाऊंनी 22 नोव्हेंबरला तळं रिकामं केलं. तळ्याच्या काठावर सिमेंटच्या खांबावर लाल रंगानं तीन आकडे लिहिलेत: खोली 3 मीटर, 2.5 मीटर, 2 मीटर, आणि प्रत्येकासमोर किती लाख लिटर. डिसेंबरात मी सहज फोन केला तर वहिनींनी उचलला. म्हशी तीन झाल्या म्हणाल्या. पाण्याच्या तापमानाचा आकडा अजून लिहिता का, विचारलं.

"लिहितो ना. आज सोळा आहे. तळ्यात काही नाही, पण सवय लागली."